खडकाखालचं तळं

आमच्या घरात पाणी मागायची पद्धत नव्हती. पाहुण्याने मागावं, घरच्याने नाही. घरच्याने माठापाशी जायचं, झाकणी उचलून आत बघायचं आणि आपण किती प्यावं ते आपणच ठरवायचं. हा याडीचा, म्हणजे माझ्या आईचा कायदा होता. तरी झाकणीचा नुसता आवाज झाला की ती चुलीपाशी बसल्या बसल्या ओरडायची, आणि हातभर चुडे खळकवत उठूनही यायची. भाकर थापताना परातीत हात बुडवायला जेवढं पाणी लागे तेवढंच ती घ्यायची, आणि उरलेलं शेळीपुढे ठेवायची. आज माझा नातू अर्धा पेला पितो आणि उरलेला मोरीत ओततो. मी त्याच्यावर खेकसते. सून म्हणते, "आई, घोटभर पाण्यासाठी केवढं बोलता!" तिचं बरोबर आहे, पण माझी जीभ ऐकत नाही.

आमचा तांडा फुलसावंगीच्या बाजूला, माळावर. घरात गोरबोली, म्हणजे आम्हा बंजाऱ्यांची बोली, गावाशी आणि बाजाराशी वऱ्हाडी. इथे मी सगळ्यांना वऱ्हाडीत बोलायला लावते आहे, कारण गोरबोलीत लिहिलं तर माझ्याच घरात कुणी वाचणार नाही. आमचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ लादून समुद्राकडून इकडे यायचे. पुढे आगगाडी आली, बैल रिकामे झाले, आणि माणसं जिथे होती तिथेच बसली. मुक्कामाची जागा निवडायची आमची रीत बैलांच्या सोयीची होती. रात्रभराच्या मुक्कामाला माळ चांगला, जन्मभराच्या मुक्कामाला नाही. मिठाचा धंदा गेला तरी मिठाचा धाक राहिला. मीठ जमिनीवर सांडलं तर मेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं, असं याडी सांगायची, आणि मी भाजीत मीठ घालताना श्वास रोखून धरायची. वावरात मीठ जाऊ देणं म्हणजे तर गाय मारल्यासारखं पाप.

सोनकी माझी मोठी बहीण. उंच, सावळी आणि विनाकारण हसणारी. तिचं लग्न उमरखेडकडच्या एका तांड्यात ठरलं होतं. आमच्यात नवरी मुकाट्याने सासरी जात नाही. ती एकेकाच्या गळ्यात पडून रडत रडत गाते, त्याला ढावलो म्हणतात. बापाला वेगळं गाणं, आईला वेगळं, बरोबरीच्या पोरींना वेगळं. हे रडणं शिकावं लागतं आणि ते आईच शिकवते. दुपारी जेवणं झाली, अंबाडीच्या भाजीची पातेली घासून पालथी पडली, की याडी तिला समोर बसवायची. शिकवणीसाठी गळा हवा म्हणून मला धरून ठेवायचे. सोनकी माझ्या गळ्यात पडायची, दोन ओळी सुरात गायची, 'याडी, तुझ्या चुलीचा धूर मला आता कुठून दिसेल,' आणि तिसऱ्या ओळीला तिला हसू फुटायचं. मग मलाही. याडी कपाळावर हात मारून म्हणायची, "रडता येत नाई धड, आन् नांदाले चालली!" आणि मग तीच खरोखर रडायला लागायची. लग्नाच्या ओढणीला कवड्या टाचायचं काम तेव्हा चालू होतं. कवड्या एकमेकींवर आपटून वाजायच्या, तो आवाज मला अजून आवडतो.

पाणी नाल्यातून यायचं. होळी झाली की नाला आटायचा, मग बायका त्याच्या पात्रात वाळू उकरून झिरा करायच्या. झिरा म्हणजे खड्डा. तळाशी वाटीवाटीने पाणी पाझरतं, ते भरायचं आणि पुन्हा पाझरायची वाट बघत बसायचं. ऊन वाढेल तसं पाणी खाली जायचं आणि झिरा खोल व्हायचा. वैशाखात आत उतरलेल्या बाईचं डोकंही वरून दिसत नसे. सोनकी शिडशिडीत, म्हणून उतरायची ती. मी वर दोरी धरून बसायची.

बाच्या, म्हणजे माझ्या बापाच्या मनाने घेतलं की सोनकीच्या लग्नात पाहुण्यांना नाल्याचं पाणी द्यायचं नाही. तांड्याला लागून आमचा वावराचा तुकडा होता, तिथे त्याने विहीर धरली. सगळा तांडा हाताला हात लावायला आला. वरची काळी माती गेली, मुरूम गेला, आणि मग काळा पत्थर लागला. तो फोडायला उमरखेडहून रहीमचाचा आले. ते सुरुंग लावायचे. आम्हा पोरांना लांब पिटाळून ते मोठ्याने हाक द्यायचे, मग धरणी हादरायची आणि घराघरातली भांडी वाजायची. रात्रीच्या जेवणाला ते आमच्याच ओट्यावर असत. याडीच्या हातचा ठेचा खाऊन डोळे पुसत म्हणायचे, "भाभी, माह्या सुरुंगापेक्षा हा भारी हाये."

पत्थराचा तो थर संपला तेव्हा खाली दुसरा पत्थर नव्हता. पांढुरका, ओलसर, चिकणमातीसारखा गाळ होता आणि त्यात शंख होते. बोटाच्या पेराएवढे, पीळ असलेले, दगड झालेले पण रेष न् रेष शाबूत. बाने घमेल्यातून वर पाठवले तेव्हा आम्ही पोरं त्यांच्यावर तुटून पडलो. रहीमचाचांनी एक तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिला. "थावराभाऊ," ते बाला म्हणाले, "इतक्या विहिरी फोडल्या, पन पत्थराच्या पोटात असं काही नाई पाह्यलं बावा."

तांड्याचे नायक होते देवला नायक. तांड्यात त्यांचा शब्द शेवटचा. भला माणूस, कुणाच्या घरी चूल पेटली नाही तर त्यांना आधी कळायचं. ते काठी टेकत आले, शंख हातात घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"शंख कुठी राह्यते?" त्यांनी विचारलं.

कुणीतरी म्हणालं, "दर्यात."

"माह्या आज्यानं दर्याकाठून मीठ वाह्यलं. त्यानं सांगतलेलं मले ठाऊक हाये. हा दर्याचा तळ होय. याच्याखाली खारं पानी हाये."

"नायक, दर्या कुठी, आपन कुठी," बा विहिरीतून म्हणाला. "तो इथं कसा येईन?"

"येईन नाई म्हनत. होता म्हनतो. आपन त्याच्यावर येऊन बसलो."

आज हे लिहिताना मला त्या म्हाताऱ्याचं नवल वाटतं. जिथे जमीन आहे तिथे कधी समुद्र असू शकतो, जमीन आणि पाणी आपल्या जागा बदलतात, हे शाळेचं बुकही तेव्हा धड सांगत नव्हतं. त्या निरक्षर माणसाने ते एका शंखावरून ओळखलं. मोठी गोष्ट त्यांना बरोबर कळली, आणि आमच्या वावरापुरती तेवढी चुकली.

नायक पुढे म्हणाले, की त्यांनी पूर्णेकडची खारपाण पट्टी पाहिली आहे. तिथे विहिरीला पाणी आहे पण बैल तोंड लावत नाही, आणि वावरात मीठ फुलून येतं. मग त्यांनी गाळाचा एक खडा जिभेवर ठेवला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. "खारं हाये," ते म्हणाले. त्यांच्या शेजारच्याने चाखलं, त्यालाही खारं लागलं. मग ज्याने त्याने चाखलं. मीही चाखलं आणि मलाही खारं लागलं. खोटं सांगत नाही, जिभेवर मीठ ठेवावं तसं लागलं.

याडी घुंगट ओढून बायकांत उभी होती. नायकांसमोर तिने कधी तोंड उघडलं नव्हतं. ती घुंगटातूनच म्हणाली, "माती कायले चाखता? पानी येऊ द्या न. पानी चाखा."

नायक रागावले नाहीत. "बाई," ते म्हणाले, "मिठाचं तोंड एकदा उघडलं, की ते कोनाच्यानं बंद होत नाई. सारं शिवार जाईन."

सगळ्यांत शेवटी बाने चाखलं. विहीर त्याची, वावर त्याचं, पोरगी त्याची. तो "नाई, गोड हाये" म्हणाला असता तर नायकांनी आणखी दोन दिवस दिले असते, असं मला वाटतं. बाने डोळे मिटून खडा तोंडात घोळवला. याडी त्याच्याकडे बघत होती. तो म्हणाला, "खारं हाये." दुसऱ्या दिवशी ज्यांनी माती काढली होती त्यांनीच ती परत लोटली. रहीमचाचांनी पहारी गोळा केल्या, याडीपुढे हात जोडले आणि निघून गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी झिरा ढासळला. मी दोरी धरून बसले होते. सोनकी आत होती आणि गुणगुणत होती. लग्न तोंडावर आलं होतं आणि तिसरी ओळ तिला आता न हसता जमायला लागली होती. आवाज असा झालाच नाही. कडेची वाळू एकदम बसली, दोरी माझ्या हातातून ओढली गेली, आणि जिथे खड्डा होता तिथे सपाट वाळू झाली. बायकांनी हातांनी, घागरींनी, चुड्यांनी उकरलं. मीही उकरलं. वाळू वरून काढावी तेवढी बाजूने आत येत होती. सोनकी सापडली तेव्हा तिच्या मुठीत पाणी भरायची वाटी होती, आणि ती कुणाला सोडवता आली नाही.

आमच्यात लग्न झालेल्याला जाळतात आणि लग्नावाचून गेलेल्याला पुरतात. तिला तांड्याच्या मागे, टेकाडाखाली पुरलं. कवड्यांची ओढणी याडीने तिच्यावर घातली. पुरुष माती लोटायला लागले तेव्हा याडीने ढावलो सुरू केला. मरणाचं रडणं आमच्यात वेगळं असतं, सगळ्या बायकांना ते येतं. याडी ते रडली नाही. तिने नवरीचा ढावलो गायला, सोनकीच्या तोंडचा, मुलीने आईला म्हणायचा. याडी, तुझ्या चुलीचा धूर मला आता कुठून दिसेल. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक ओळ न गाळता. त्या दिवसानंतर मी लग्नात ढावलो ऐकू शकत नाही. भाचीच्या लग्नात तर उठून बाहेर गेले आणि लोकांनी नावं ठेवली. ठेवोत बापडे.

याडी बाला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. ती त्याला वाढायची, भाकर गरम असायची, पण तो जेवत असताना ती तिथे बसत नसे. पूर्वी ती बसायची, माशा वारायची, दिवसभराचं सांगायची. आता ताट ठेवून पाठ फिरवायची. बाही मान खाली घालून जेवायचा, आणि आम्हाला घरात त्याच्या चावण्याचा आवाज ऐकू यायचा.

पावसाळा लागला तसं बाने माझा हात धरला आणि मला पुसदच्या वसतिगृहात नेऊन घातलं. आमच्या तांड्यातली एकही मुलगी तोवर शाळेसाठी बाहेर गेली नव्हती. लोक म्हणतात, थावऱ्या किती शहाणा, पोरीला शिकवलं. माझ्या सत्कारात भाषणं करणारेही हेच म्हणतात आणि मी मान डोलावते. पण एस.टी.च्या बाकावर बसून बाने मला जे सांगितलं ते एवढंच होतं, "तिथं नळ हाये म्हनते." तिथे पोचल्यावर त्याने गुरुजींना विचारलं नाही की काय शिकवता. त्याने नळ दाखवा म्हटलं. तोटी फिरवून पाणी पाहिलं, बंद केली, आणि मग मला सोडून गेला.

पुढे मी शिक्षिका व्हायला यवतमाळला गेले. तिथे भूगोलाला खानझोडे सर होते. खडूने माखलेले आणि उत्साहाने फसफसणारे. पुस्तकातला धडा संपला की ते दार लोटून घ्यायचे आणि म्हणायचे, "आता जे सांगतो ते अजून पुस्तकात आलेलं नाही, परीक्षेत लिहू नका. मार्क जातील." मग ते फळ्यावर समुद्र काढायचे. महासागराच्या मधोमध पाण्याखाली डोंगरांची रांग आहे आणि तिच्या माथ्यावरून भेग गेली आहे, असं ते सांगत. पृथ्वीच्या पोटातला तापलेला रस त्या भेगेतून वर येतो, पाण्यात थिजतो, त्याचा काळा दगड होतो. मागून नवा रस आला की आधीचा दगड दोन्ही बाजूंना सरकतो. समुद्राचा तळ असा भेगेपाशी जन्मतो, सरकत सरकत दूर जातो, आणि कुठेतरी दुसऱ्या तुकड्याखाली जाऊन पुन्हा पोटात बुडतो. म्हणून समुद्र कितीही जुना असो, त्याचा तळ कोवळा. आणि जमीनही जागची नाही. पृथ्वीच्या कवचाचे तुकडे आहेत, ते चालतात, आणि आपण तुकड्यावर बसून चाललो आहोत. आज त्याला भूपट्ट म्हणतात आणि सातवीची पोरं ते पाठ करतात. तेव्हा ते ऐकताना माझ्या अंगावर काटा आला होता. आपला देश दक्षिणेच्या एका अवाढव्य भूखंडातून तुटून इथवर आला, आणि त्या भूखंडाला जगभर गोंडवन म्हणतात, आपल्या गोंडांच्या नावावरून, हे सांगताना सरांची छाती फुगायची.

एक दिवस सर आमच्या काळ्या पत्थरावर आले. वाटचालीत जमीन फाटली आणि तसाच रस इकडे जमिनीवर पसरला, थरावर थर. समुद्राच्या तळाचा दगड आणि आपल्या विहिरीतला दगड एकाच जातीचा. पण दोन थरांच्या मध्ये खूप काळ शांततेत जायचा. तेवढ्यात झाडं उगवायची, तळी साचायची, तळ्यांत जीव व्हायचे. मग वरून पुन्हा रस. असं म्हणून त्यांनी कपाटातून एक दगड काढून टेबलावर ठेवला. पांढुरका. त्यात बोटाच्या पेराएवढे, पीळ असलेले शंख होते.

मी उभी राहिले. "सर, हे समुद्रातले ना?"

"नाही नाही. बघ, कवच किती पातळ आहे. गोगलगाय आहे ही, तळ्यातली. गोड्या पाण्यातली. आपल्याच जिल्ह्यातलं आहे हे."

"आणि खाली पाणी लागलं तर?"

"लागलं तर गोडच लागेल," सर हसून म्हणाले. "का, विहीर खोदायची आहे का?"

वर्ग हसला. मी खाली बसले. मला संताप आला होता, आणि कुणावर संतापायचं तेच कळत नव्हतं. नायकांवर? सरांवर? मी स्वतः तो खडा चाखला होता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तांड्यात गेले. नायक खाटेवर होते, त्यांची नजर गेली होती. मी काय शिकते ते त्यांना ऐकायचं होतं. मी त्यांना चालणाऱ्या जमिनीचं सांगितलं.

"कितीक चालते?" त्यांनी विचारलं.

"नखं वाढतात तितकी, नायक."

ते खोकत खोकत हसले. "मंग आपन थांबलोच नाई म्हना. बैल बसले, तांडा चालूनच राह्यला." त्यांना इतकं बरं वाटलं होतं की मी शंखांचा विषय काढला नाही. पण त्यांची नात पारू तेव्हाच दारातून घागर घेऊन निघाली. झिऱ्यात आता ती उतरत होती. सोनकीच्याच वयाची होती आणि तशीच शिडशिडीत.

बा वावरात, बुजवलेल्या विहिरीच्या कडेला बसायचा. तिथे त्याने पेरलं काहीच नव्हतं. मी जाऊन शेजारी बसले. आपण गप्प राहिलो तर हा म्हातारा सुखाने मरेल, हे मला कळत होतं. आणि पारू झिऱ्यात उतरत राहील, हेही. तो आपणहून बोलला.

"तुमच्या बुकात हाये का वं माय, ते शंखाचं? दर्याचेच होते न ते?"

"नाही बा," मी म्हणाले. "तळ्यातले होते. गोड्या पाण्यातले."

मग माझ्याकडे वळून, लहान मुलाने विचारावं तसं त्याने विचारलं, "मंग मले खारं काहून लागलं?"

मी त्याचा हात धरला. तो हुंदके देऊन रडला, आणि बापाला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो टिकाव घेऊन गेला आणि एकटाच उकरायला लागला. नायकांनी कुणाकडून तरी कारण ऐकलं. थोड्या वेळाने त्यांचे दोन्ही मुलगे घमेली घेऊन आले, मग बाकीचे. पांढऱ्या गाळाच्या खाली पाणी लागलं. गोड होतं. पारूने आणि पोरींनी झिऱ्याचं नाव टाकलं. तांड्यात लापशी झाली, गाणी झाली, नायकांना खाटेसकट काठावर आणून पाणी पाजलं. ते प्याले आणि तोंड पदरात लपवावं तसं धोतराच्या सोग्यात लपवून बसून राहिले.

याडी त्या विहिरीचं पाणी भरायची, आम्हाला पाजायची, त्यावर स्वयंपाक करायची. पण स्वतःला प्यायला ती नाल्यातून आणायची. उन्हाळ्यात, आता दुसरं कुणी उपसत नसलेल्या वाळूत हातभर उकरून, तासन् तास बसून, एक तांब्या. मी एकदा तिच्याशी भांडले. म्हटलं, विहीर दारात असताना हा काय हट्ट?

ती शांतपणे म्हणाली, "नाल्याच्या पान्यापायी माही पोरगी गेली. ते कोनीच नाई पेलं, त ती कायले गेली?"

त्यावर मी तिला पुन्हा कधी बोलले नाही. पुढे पुष्कळ वर्षांनी याडी अंथरुणाला खिळली. घोटभर पाणी तेवढं उतरत होतं, आणि विहिरीचं तोंडाशी नेलं की ती मान फिरवायची. मी रडकुंडीला आले होते. बा तोवर पार वाकला होता. तो तांब्या घेऊन बाहेर पडला. उन्हं चढली तरी परत येईना, म्हणून मी बघायला निघणार, तर तो काठी टेकत येताना दिसला. कोपरापर्यंत वाळूने भरलेला होता. तिच्या उशाशी बसून त्याने तांब्या तिच्या ओठांना लावला. याडी प्याली. मग तिने पदराचं टोक ओढून घेतलं आणि त्याच्या हाताला लागलेली ओली वाळू हळूहळू पुसली, एकेका बोटावरची.